पहिली वाफ डोंगराची

मी कुकर बोलतोय. बारा लिटरचा, एक कान मोडलेला, बूड काळं ठिक्कर. हल्ली माझ्या पोटात पाणी उकळत नाही, त्यामुळे बोलायला भरपूर सवड आहे. एरवी आम्हा कुकरांचं बोलणं म्हणजे वाफ कोंडली की एकदाच काय ते ओरडायचं, तेही एकाच सुरात. आज सावकाश सांगतो.

माझा जन्म लीमाचा, समुद्रकाठच्या एका कारखान्यातला. पत्रा कापला, दाबला, घासला आणि झाकण बसवलं, यापलीकडे त्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. मग ट्रकमधून कुस्कोला आलो आणि बाजारात दोरीला उलटा टांगून आठ महिने धूळ खात राहिलो.

एके दिवशी मळकी टोपी घातलेला एक बुटका माणूस आला. त्याने मला खाली उतरवलं, झाकण काढलं, डोकं आत घातलं आणि स्वतःचंच नाव घेऊन ओरडला, "कासिमिरो!" दुकानदारीण घाबरून मागे सरली. "आवाज गोल येतोय, भांडं चांगलं आहे," असं म्हणून त्याने मला पाठीवरच्या फडक्यात बांधलं. तो माझा मालक, कासिमिरो सुत्ता. पाहुण्यांना डोंगर दाखवायला नेणाऱ्या एका कंपनीत तो आचारी होता.

पहिल्यांदा डोंगर चढलो तो दिवस मी विसरणार नाही. समुद्रकाठचं पाणी उकळायला वेळ घेतं, पण एकदा उकळलं की दिल्या शब्दाला जागतं. वर चार हजार मीटरवर गेलो तर पाणी लगेच खळखळायला लागलं. मला वाटलं, वा, काय हुशार पाणी आहे! तासाभराने कासिमिरोने बटाट्याला सुरी टोचली तर आत कच्चा. हवाच इतकी विरळ, की पाण्याला धाक म्हणून राहत नाही. बुडबुडे भरपूर, शिजत मात्र काही नाही. मग कासिमिरोने माझं झाकण लावलं, वर शिट्टी ठेवली, आणि बाहेर नसलेली हवा मी माझ्या आत कोंडून धरली. पंचवीस मिनिटांत बटाटे मऊ झाले. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात वाफ गेली ती गेलीच. माझ्यावाचून या डोंगरात कोणी जेवू शकणार नाही, अशी माझी खात्री होऊन बसली.

कासिमिरोची एक पद्धत होती. शिजलं की तो माझं तोंड शिखराकडे फिरवायचा, डावाने शिट्टी उचलायचा आणि पहिली वाफ मोकळी सोडायचा. "घ्या आपू, आधी तुम्ही," असं म्हणायचा. आमच्याकडे शिखरांना आपू म्हणतात, घरातल्या वडीलधाऱ्यांसारखं. डोंगराला दात नाहीत, तो वासावरच जेवतो, असं कासिमिरोचं म्हणणं. उचललेली शिट्टी तो एका सपाट दगडावर, डोंगरात चघळतात त्या कोकाच्या तीन पानांशेजारी ठेवायचा. पाहुण्यांची ताटं वाढून होईपर्यंत ती तिथेच राहायची, म्हणजे आपूंना घाई झाली असं वाटू नये. मग बंडीच्या खिशात. अठरा वर्षं हे असंच चाललं.

अठरा वर्षांनी कासिमिरोच्या गुडघ्यांनी हात टेकले. गुडघ्यांनी हात कसे टेकले ते मला विचारू नका, पण झालं तसंच. त्याची मुलगी लिआंद्रा नऊ हंगाम त्याच्या हाताखाली बटाटे सोलत होती. भाजी चिरायची तीच, मीठ बघायची तीच, पण डाव मात्र बापाच्या हातात. आमच्या टोळीत बाईने डाव धरल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

कंपनीच्या मालकीण ग्रासिएलाबाई यांनी लिआंद्राला बोलावलं तेव्हा मी सामानाच्या ढिगाऱ्यात होतो, म्हणून सगळं ऐकलं.

"नऊ दिवसांची नवी सहल आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "आधी जुनी कोठारं, मग खिंड, मग खाली जंगल. एवढी एक फेरी तुला देते. वाटाड्या आबेलार्दो रोजचा कागद लिहील. कागद चांगला आला तर आचाऱ्याची जागा तुझी."

"आणि नाही आला तर?"

"फ्लोरेंतिनोचा मेहुणा तयारच आहे. तू बटाटे सोल. ते काम काही तुझं कोणी घेत नाही."

फ्लोरेंतिनो पाउकार हा हमालांचा मुकादम, दारातच उभा होता. तो हसला. घरी येऊन लिआंद्राने मला राखेने असं घासलं, की माझी अठरा वर्षांची मळी निघाली. निघायच्या दिवशी कासिमिरोने फडक्याची गाठ स्वतः बांधली. "गळ्यापर्यंत भरू नकोस," तो म्हणाला, "आणि आपूंचं विसरू नकोस."

"नाही विसरणार, ताताय," ती म्हणाली. बापाला आमच्याकडे ताताय म्हणतात.

पहिल्या दोन दिवसांतच आम्ही कोठारांपाशी पोचलो. उतारावर दगडी खोल्यांची रांग, काही गोल, काही चौकोनी, छपरं केव्हाच गेलेली. चुना नाही, चिखल नावाला, पण दगड दगडाला असा टेकलेला की मधे सुरीचं पातं जाणार नाही. आठ पाहुणे फोटो काढायचे विसरले.

"राजाचे वाडे सगळेच बघतात," आबेलार्दो त्यांना सांगत होता. हा उंच, शांत माणूस, बोलताना दगडावरून हात फिरवायची त्याला सवय. "मला विचाराल तर खरं राज्य या खोल्यांत होतं. वाळवलेले बटाटे, मका, सुकं मांस. ज्या साली कडाक्याची थंडी पडून पीक जळायचं, त्या साली इथून गावं जेवायची. खालच्या खिडकीतून वारा आत, वरच्या खिडकीतून बाहेर. धान्य गार राहायचं."

पाहुणे पुढे गेले तशी लिआंद्रा एका खालच्या खिडकीशी वाकली आणि तिने हात आत घातला. बराच वेळ तशीच राहिली. "अजून गार आहे," ती म्हणाली. जवळ मी आणि फ्लोरेंतिनो, दोघंच होतो.

माझ्या अंगावर काटा आला, म्हणजे कुकरच्या अंगावर येईल तेवढा. मी एका वेळचं जेवण सांभाळतो आणि केवढा तोरा मिरवतो. या भिंतींनी अख्ख्या मुलखाचा दुष्काळातला घास पोटात धरून ठेवला होता. ज्यांच्यासाठी धरला ती माणसं गेली, राज्य गेलं, तरी वारा आपलं काम करतोच आहे.

"बघून घे, बाई," फ्लोरेंतिनो म्हणाला. "आठवड्याने परत सोलायलाच बसायचंय."

"तेव्हा तुझ्या मेहुण्याला सुरी कशी धरायची तेही शिकवीन," ती म्हणाली. फ्लोरेंतिनोने ओठ मुडपले.

तिसऱ्या संध्याकाळपर्यंत आबेलार्दोच्या कागदावर सगळं चांगलंच होतं. सूप गरम, भात मोकळा, कोणाचं पोट बिघडलं नाही. फक्त एका पांढऱ्या दाढीच्या पाहुण्याला उंची बाधली होती. ते बिचारे दोन दिवस पाण्यावर होते.

चौथ्या दिवशी आमचा तळ खिंडीच्या खाली एका तळ्याकाठी होता. समोर शिखर, इतकं जवळ की मान वर करून टोक दिसेना. पहाटे लिआंद्राने माझ्यात वाटेतल्या जेवणासाठी वाल आणि बटाटे शिजवले. तेवढ्यात बर्फ पडायला लागलं, अगदी हलकं. तिने माझं तोंड शिखराकडे केलं, शिट्टी उचलली आणि म्हणाली, "घ्या आपू, आधी तुम्ही."

वाफ वर चालली होती आणि बर्फ खाली येत होतं. दोन्ही पांढरं, आवाज कशाचाच नाही. कुठेतरी मधे ती एकमेकांना भेटत होती आणि कुठे कोण संपलं ते कळत नव्हतं. तेवढ्यात ढग फाटला आणि शिखराच्या एका कडेवर ऊन पडलं. अठरा वर्षं मी वाफ सोडत आलो, पण डोंगराने ती घेतलेली त्या दिवशी पाहिली. लिआंद्रा डाव हातात धरून नुसती उभी होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते तिला ठाऊक नव्हतं.

"आटपा!" फ्लोरेंतिनोची हाक आली. "अर्ध्या तासात निघालो नाही तर खिंड बंद होईल!"

मग जी पळापळ झाली तिला सुमार नाही. तंबू ओलेच गुंडाळले. लिआंद्राने वाल डब्यांत भरले, मला पुसलं, झाकण बांधलं, फडक्यात घातलं. सपाट दगडावर कोकाची तीन पानं होती आणि त्यांच्याशेजारी शिट्टी होती. पण तोवर तो दगडही पांढरा झाला होता आणि त्याच्या आजूबाजूचे सगळे दगडही. बापाने बंडीच्या खिशाची सवय लावून घेतली होती. मुलीच्या अंगावर बंडी नव्हती.

मी तिच्या पाठीवर बांधलेला, त्यामुळे ती पुढचं बघत चढत होती आणि मी मागचं. मला ओरडून सांगायचं होतं. पण आम्हा कुकरांचा आवाज असतो कशात? नेमका शिट्टीतच.

खिंडीत सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे एकेक दगड रचला. मी मागे शिखराकडे पाहिलं. ते दिसलं आणि ढगात गेलं.

दुपारी चारला खिंडीपलीकडच्या तळावर पोचलो. इकडे बर्फाचा मागमूस नव्हता, कोरडं ऊन. लिआंद्राने राजमा धुतला, माझ्यात घातला, झाकण लावलं आणि शिट्टीसाठी हात पुढे केला. मग खिसे चाचपले. मग फडकं झटकलं. मग मसाल्याची पेटी उपडी केली. शेवटी ती हळूच खाली बसली.

फ्लोरेंतिनोच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. "कुठे आहे?"

"दगडावर. आपूंजवळ."

"काय?"

"उचलायची राहिली."

फ्लोरेंतिनोने कपाळावर हात मारला. "अगं बाई, डोंगराला जेवायला घालायचं असतं, भांडी नाही द्यायची!"

"मी जाऊन आणते."

"खिंड बंद झाली. आणि आणलीस तरी उद्या सकाळी. पाहुणे तोवर काय कोकाची पानं चघळणार?"

आबेलार्दो आला, त्याने सगळं ऐकलं आणि शांतपणे म्हणाला, "यादीत राजमा आणि भात आहे. जेवण साडेसहाला." त्याने टोचून म्हटलं नव्हतं. पण लिआंद्राच्या तोंडचं पाणी पळालं. तो कागद त्याच्या खिशातून डोकावत होता.

तिने झाकणावर धोंडा ठेवून पाहिला, वाफ भोकातून सुटतच राहिली. एका हमालाने भोकात लाकडाची खुंटी ठोकायचं सुचवलं. "फुटला तर?" असं म्हणून तिने त्याला हाकलला, त्याबद्दल मी तिचा जन्मभर ऋणी आहे. उघड्या पातेल्यातला भात बाहेरून चिखल आणि आतून खडे. आणि मी, ज्याच्यावाचून डोंगरात कोणी जेवू शकणार नव्हतं तो मी, नुसता एक मोठा डबा होऊन बसलो होतो. लाजेनं मरायला झालं.

तळाच्या बाजूलाच एक शेत होतं. बटाटे नुकतेच काढलेले, ढेकळं उन्हात वाळत पडलेली. शेताची म्हातारी बांधावर लोकर कातत आमचा तमाशा बघत होती. लिआंद्राने त्या ढेकळांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उठली आणि म्हातारीसमोर टोपी काढून उभी राहिली.

"मामाय," ती म्हणाली, आमच्याकडे आईला म्हणतात तसं, "ढेकळं देशील? आणि जाळायला तुझ्या लामा-मेंढ्यांच्या थोड्या लेंड्या?"

"ढेकळं काय, धरतीचीच आहेत," म्हातारी म्हणाली. "बटाटेही घेऊन जा. पण परत सगळं सारखं करून द्यायचं."

मग लिआंद्रा फ्लोरेंतिनोकडे आली. "दादा, तुझ्या गावात ढेकळांची भट्टी चांगली रचतात म्हणे. खरं आहे, की नुसत्या बाता?"

"बाता?" फ्लोरेंतिनो ताडकन उठला. "माझ्या बापाने रचलेल्या भट्टीवर कुत्रं चढलं तरी पडायची नाही!"

"बाप गेला. तुला येते का?"

हमाल हसले आणि फ्लोरेंतिनोने बाह्या वर केल्या.

पहिली भट्टी पडली. घाईने एक वाटोळं ढेकूळ आडवं लागलं आणि सगळा घुमट फसकन बसला. साडेपाच वाजले होते. फ्लोरेंतिनोने सगळं बाजूला केलं, मोठी ढेकळं खाली, लहान वर, असं एकेक हातात तोलून परत रचायला घेतलं. लिआंद्रा निवडून देत होती, तो ठेवत होता. शेवटचं ढेकूळ वर बसलं आणि घुमट आपल्याच भारावर उभा राहिला. मला ती कोठारं दिसली. एकाने दुसऱ्याला टेकायचं, एवढीच ती विद्या, आणि ती या माणसांच्या हातांतून गेलेलीच नव्हती.

लेंड्यांचा जाळ आत घातला. ढेकळं काळी झाली, मग तांबडी, मग आतून लखलखायला लागली. त्यांनी आत बटाटे टाकले, वालाच्या शेंगा टाकल्या, पाल्यात बांधलेलं मांस टाकलं. मग फ्लोरेंतिनोने लाकडाने घुमट पाडला, तापलेली ढेकळं फोडून सगळं झाकून टाकलं, वर कोरडी माती ओढली. पाहुणे गोल करून बसले होते. पुढची पाऊण घटका नुसतं एक मातीचं ढेकाड आणि त्याच्याकडे बघणारी वीस माणसं.

मग मातीला भेगा पडल्या आणि त्यातून वाफ आली. कोणी शिट्टी उचलली नव्हती, कोणी तोंड फिरवलं नव्हतं. वारा होता, वाफ सरळ खिंडीकडे निघाली, जिकडे शिखर होतं तिकडेच. लिआंद्राने टोपी काढली. फ्लोरेंतिनोनेही काढली. पाहुण्यांना काही सांगितलं नव्हतं, तरी त्यांनीही काढल्या.

मला रबर लागतं, झाकण लागतं, शिट्टी लागते, आणि इतकं करून मी पोटात पाणीच उकळतो. धरतीला काही लागत नाही. ती किती उंचावर आहे याचीही तिला फिकीर नाही. इतकी वर्षं मी तिच्या पाठीवर बसून तिच्याचपुढे फुशारकी मारत होतो. मी तिला मनातल्या मनात नमस्कार केला.

बटाटे हाताने फोडून खाल्ले, बोटं काळी होईपर्यंत. पांढऱ्या दाढीच्या पाहुण्यांनी एक खाल्ला, मग दुसरा, आणि पाचव्यानंतर डोळे पुसले. ते कुठल्याशा भाषेत लिआंद्राला काहीतरी म्हणाले. तिला शब्द कळले नाहीत, तरी तिने मान हलवली.

आबेलार्दो कोपऱ्यात कागद लिहीत होता. "सगळं लिहिणार?" तिने विचारलं.

"लिहावं लागेल," तो म्हणाला. "मी बघितलंय."

दुसऱ्या दिवशी बाकीचे हमाल खालच्या वाटेने परत फिरले. पुढच्या वाटेला आबेलार्दो, फ्लोरेंतिनो, लिआंद्रा, पाहुणे आणि मी. वाट खाली उतरत गेली ती उतरतच गेली. गवत गेलं, झुडपं आली, झुडपांची झाडं झाली आणि झाडांच्या अंगावर शेवाळाची झूल आली. हवा दाट होऊ लागली. ते मला सगळ्यांच्या आधी कळलं, कारण पाणी उकळायला वेळ घेऊ लागलं. समुद्रकाठचं ते जुनं, शब्दाला जागणारं पाणी मला इतक्या वर्षांनी परत भेटत होतं.

लिआंद्राने याआधी जंगल पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती सारखी वर बघून चालायची आणि ठेचाळायची. एका पहाटे झाडावर लालभडक पक्ष्यांचे नर जमून नाचत होते, वाकत होते, कर्कश ओरडत होते, आणि मादी मख्खपणे बसलेली. "आमच्या गावच्या जत्रेत असंच असतं," ती म्हणाली. नदीवर होडीत बसायची वेळ आली तेव्हा मात्र तिने मला मांडीवर घेऊन घट्ट धरलं. तिला पोहता येत नव्हतं. फ्लोरेंतिनोलाही नव्हतं, पण तो काठाची मोजदाद करत असल्याचं सोंग करत होता.

त्या जंगलात कुठल्याही भांड्यात, कुठल्याही झाकणाखाली भात शिजत होता. मला कोणी विचारेना. खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही. बघण्यासारखं इतकं होतं, की शिजवायला वेळ कुणाला होता.

आठव्या दिवशी पहाटे पाहुण्यांसाठी गरम कोको माझ्यात भरून लिआंद्रा मला नदीकाठच्या आडोशात घेऊन गेली. समोर पलीकडच्या तीरावर तांबड्या मातीची उभी दरड होती. बोलायचं नाही, हलायचं नाही. तासभर काही झालं नाही. आधी हिरवे लहान पोपट आले, थव्यांनी. ते उडाले. मग वरच्या फांद्यांवर एकेक करत लांब शेपटीचे मोठे पोपट, मकाव, येऊन बसले. ते खाली बघत राहिले, आम्ही वर बघत राहिलो. मग एक उतरला आणि दरडीला लटकला. त्याच्या मागोमाग सगळे.

ती दरड पेटली असं मला वाटलं. लाल, निळे, पिवळे, शंभर तरी असतील, एकमेकांच्या अंगावर पाय देत, पंख उघडत, चोचीने मातीचा लचका तोडून पायात धरून खात. आरडाओरडा इतका, की माझं झाकण थरथरत होतं. माझ्या आयुष्यात मी आग खूप पाहिली आहे, पण जिवंत अशी ती एकदाच.

"माती खातायत," लिआंद्रा कुजबुजली.

"फळं कडू असतात," आबेलार्दो म्हणाला. "त्यांचं विष मातीने मरतं, असं म्हणतात."

"आम्हीपण खातो की. कडू बटाट्यांबरोबर मातीची चटणी. माझ्या आजीला हे कुणी शिकवलं असेल?"

"यांनीच," फ्लोरेंतिनो म्हणाला. पण या वेळी तो चेष्टा करत नव्हता.

त्या दुपारी मुक्कामाच्या झोपडीतून रेडिओवर मालकीणबाईंशी बोलायचं होतं. आबेलार्दो कागद वाचणार होता. लिआंद्राने सकाळपासून पोटात अन्नाचा कण घेतला नव्हता. फ्लोरेंतिनो माझ्यापाशी येऊन बसला आणि तिला म्हणाला, "शिट्टी माझ्या हातून पडली म्हणून सांग. मी मान डोलवीन. आबेलार्दोने नुसतं ऐकलंय, दगडापाशी काही तो नव्हता."

"आणि तुझा मेहुणा?"

"त्याला ढेकळावर ढेकूळ ठेवता येत नाही. मरू दे त्याला."

लिआंद्रा माझ्या झाकणाची दोरी उगाच सोडत-बांधत राहिली. नऊ हंगाम सोललेले बटाटे तिच्या डोळ्यांपुढून जात असावेत. मीही वाट बघत होतो, कारण तिची जागा ती माझी जागा.

"पडली नाही, दादा," ती शेवटी म्हणाली. "मी ठेवली. ज्यांच्यासाठी ठेवली त्यांच्यापाशी राहिली. पडली म्हटलं तर आपूंना दिलेलं मीच खोटं केल्यासारखं होईल."

रेडिओवर तिनेच आधी सगळं सांगितलं. पलीकडे नुसती खरखर. मग मालकीणबाईंचा आवाज आला. "शिट्टी डोंगराला देऊन आलेली आचारीण मी पहिल्यांदाच बघतेय. पाहुणे उपाशी राहिले?"

"नाही, बाई."

"जेवण साडेसहाला?"

"सात वाजले."

आबेलार्दोने रेडिओ हातात घेतला आणि कागदावरचं वाचलं, "चौथा दिवस. आचारणीच्या हातून शिट्टी राहिली. जेवण यादीप्रमाणे नाही. अर्धा तास उशीर. जेवण मातीत शिजवलं. सगळ्यांनी परत मागून घेतलं. आजारी पाहुणे जेवले. मी बारा वर्षं हे काम करतो, असं जेवण पाहिलं नाही."

परत खरखर. मग प्रश्न आला, "ती भट्टी पुढच्या फेरीच्या यादीत घालता येईल का?"

"ढेकळं मिळतील त्या दिवसांत येईल," लिआंद्रा म्हणाली.

"मग मंगळवारी ये. नवा कुकर घेऊ. त्या जुन्याची शिट्टी आता कुठे मिळत नाही."

फ्लोरेंतिनोने टाळी वाजवली. लिआंद्रा हसत होती, आणि हसता हसता तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मग आली आणि माझ्या मोडक्या कानावर हात ठेवून उभी राहिली. तिला जागा मिळाली त्याच वाक्यात माझी गेली होती. ते आम्हा दोघांनाही कळलं होतं. तिने मला टाकलं मात्र नाही. पाठीवर बांधून आमच्या ओर्कोपाता गावाला, घरी घेऊन आली.

कासिमिरो अंगणात बाकावर बसला होता. तिने शिट्टीचं सांगितलं.

"कुठल्या दगडावर?"

"तळ्याच्या बाजूचा, सपाट."

"अठरा वर्षं वाफ दिली," म्हातारा म्हणाला. "त्यांना शिट्टीच हवी होती, तर आधी बोलायचं ना." मग त्याने तिचं डोकं छातीशी धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

त्यानंतर ती त्याला जंगलाचं सांगायला लागली. कासिमिरोच्या काळी सहली डोंगरावरच संपायच्या, तो कधी खाली उतरलाच नव्हता. नदी, होडी, नाचणारे पक्षी, सगळं त्याने मान डोलवत ऐकलं. मकावांशी आल्यावर मात्र तो अडला. "शंभर? आणि माती खातात? पोरी, बापाला बनवू नकोस."

आता लिआंद्रा महिन्यातले वीस दिवस नव्या कुकरबरोबर डोंगरात असते. तो लहान आहे, उथळ आहे, पण शिकेल. मी अंगणात कासिमिरोच्या बाकाशेजारी असतो. त्याने माझ्यात बियाण्याचे बटाटे ठेवले आहेत. अंधारात त्यांना डोळे फुटतायत, ते मला आतून जाणवतं. जाळाशिवायही पोटात काही होतं, हे मला म्हातारपणी कळलं.

संध्याकाळी कोणी नसलं की कासिमिरो माझं झाकण उघडतो, डोकं आत घालतो आणि हळूच विचारतो, "तू होतास ना तिथे? खरंच ती दरड लाल होती?" मग उत्तराची वाट बघत थांबतो. माझ्यात त्याचाच आवाज घुमून त्याला परत ऐकू येतो.

म्हणून तुम्हाला एवढंच मागणं आहे. कधी त्या नदीवर गेलात, पहाटे त्या दरडीसमोर बसलात, तर येताना ओर्कोपातात या. पाणवठ्यावरून तिसरं घर. म्हाताऱ्याला ऐकायला कमी येतं, जवळ बसून मोठ्याने सांगा, हो, लाल होती, आणि निळी, आणि पिवळी. पोरीने काही वाढवून सांगितलं नव्हतं.